वाचक विचारतात : संबळ, तुणतुणं आणि पावरी संगणकावर

प्रश्न : गोंधळासाठी संबळ आणि तुणतुण्याचे आवाज लॅपटॉपवर शून्यापासून घडवायचे आहेत, तयार सॅम्पल नकोत. प्युअर डेटा, व्हीसीव्ही रॅक, मॅक्स की रिॲक्टर, यातला कोणता प्रोग्राम घेऊ? लॅपटॉप जुना आहे, रॅम ४ जीबी. (अमळनेर)

उत्तर : प्युअर डेटा घ्या. मॅक्स आणि रिॲक्टर विकत घ्यावे लागतात, शिवाय लिनक्सवर चालत नाहीत. मॅक्स आणि प्युअर डेटा मुळात मिलर पकेट यांच्याच हातचे, त्यामुळे पुढे मॅक्सकडे गेलात तरी शिकलेलं वाया जात नाही. व्हीसीव्ही रॅक फुकट मिळतो आणि सिंथेसायझर कसा जोडतात हे समजायला त्यासारखं दुसरं साधन नाही. पण पडद्यावरच्या वायरी, दिवे, बटणं सतत रंगवण्यातच जुन्या ग्राफिक्सची दमछाक होते.

संबळचा मोठा, खर्जाचा भाग आधी करा. व्हीलाइन~ ला (ठरल्या वेळात आकडा सरकवणारा प्युअर डेटाचा ठोकळा) ‘१६०, ९० ६०’ असा संदेश द्या (टाइप करताना नावं आणि आकडे इंग्रजी). सूर १६० हर्ट्झला सुरू होऊन ६० मिलिसेकंदांत ९० वर उतरतो. कातड्याचा ‘धुम्म’ या उताराने येतो. हा आकडा एका ऑस्क~ ला (सुराची लाट काढणारा ठोकळा) जसाच्या तसा, दुसऱ्याला १.५९ ने आणि तिसऱ्याला २.१४ ने गुणून द्या. ताणलेल्या गोल कातड्याचे उपसूर याच प्रमाणात असतात, पूर्ण पटीत नसतात. तिघांचा जोर १, ०.५ आणि ०.२५ ठेवा. आवाजाच्या चढउतारासाठी दुसरा व्हीलाइन~ : ‘१ २, ० ३५० २’. त्याला *~ मध्ये स्वतःशीच गुणा, म्हणजे आवाज आधी झपकन पडतो आणि शेपूट हळू विरतं. काडीच्या फटक्यासाठी नॉइज~ (नुसती खरखर), त्यापुढे ‘बीपी~ २५०० ५’ (२५०० हर्ट्झच्या आसपासचंच सोडणारा फिल्टर), फक्त ८ मिलिसेकंद. सगळं मिळून १ च्या वर जातं आणि फाटतं, म्हणून डॅक~ च्या (आवाज स्पीकरकडे पाठवणारा ठोकळा) आधी ०.४ ने गुणा.

काही फटके टणक, काही मऊ लागत असतील तर ऑस्क~ दर वेळी लाटेच्या वेगळ्या जागेवरून निघतोय असं समजा. प्रत्येक फटक्याला त्याच्या उजव्या इनलेटमध्ये ०.७५ पाठवा. ऑस्क~ ही कोसाइन लाट आहे, ०.७५ वर ती शून्यातून वर चढते.

तुणतुण्यात प्युअर डेटा आणि रॅक यांच्यातला खरा फरक कळतो. छेडलेली तार म्हणजे नॉइजचा छोटा झटका डिलेमध्ये (आवाज थोड्या उशिराने परत देणारा) सोडायचा, बाहेर आलेला आवाज लो-पास (उंच सूर दाबणाऱ्या) फिल्टरमधून काढून ०.९९ ने गुणायचा आणि परत डिलेत घालायचा. डिलेचा वेळ = १००० भागिले सुराचे हर्ट्झ, मिलिसेकंदांत. प्युअर डेटा ६४ सॅम्पलचा (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचा एक मोजलेला आकडा) एक ब्लॉक एकदम मोजतो, त्यामुळे असा फेरा ६४ सॅम्पलपेक्षा, म्हणजे सेकंदाला ४४१०० सॅम्पल असताना १.४५ मिलिसेकंदांपेक्षा, लहान होत नाही. ६८९ हर्ट्झच्या वर तार चढणारच नाही. तुणतुण्याला तेवढं पुरतं. जास्त हवं तर सबपॅचमध्ये ‘ब्लॉक~ १’ ठेवा, पण प्रोसेसरवर ताण बराच वाढतो. वायरी थेट गोल जोडल्या तर ‘डीएसपी लूप’ची तक्रार येते, डेलराइट~ आणि डेलरीड४~ मधूनच फेरा करा. साधा डेलरीड~ पूर्ण सॅम्पलवर थांबतो, त्यामुळे सूर किंचित सरकतो.

रॅक एकेक सॅम्पल मोजतो, तिथे ही अडचण नाही, पण प्रत्येक वायर एका सॅम्पलचा उशीर घालते. ४८००० वर ४१५.३ हर्ट्झची तार ११५.६ सॅम्पलची असते. फेऱ्यात तीन वायरी असतील तर ती ११८.६ होते आणि सूर ४४ सेंट, म्हणजे जवळपास अर्धा सेमिटोन, उतरतो. तेवढा वेळ डिलेतून वजा करा.

प्रश्न : कार्यक्रमात लाइट गेली की व्हीसीव्ही रॅक कडकड करू लागतो. लॅपटॉपची बॅटरी तर भरलेली असते. (शिरपूर)

उत्तर : बॅटरीवर येताच विंडोज प्रोसेसरचा वेग कमी करतं. पॉवर मोड बॅटरीसाठीही ‘बेस्ट परफॉर्मन्स’ करा. ऑडिओ मॉड्यूलचा ब्लॉक साइज २५६ वरून ५१२ करा. ४८००० वर उशीर ५.३ वरून १०.७ मिलिसेकंद होतो, तेवढा हाताला चालतो. फ्रेम रेट कमी करा, स्कोप (लाट दाखवणारं मॉड्यूल) काढून टाका. एफ३ दाबलं की कोणतं मॉड्यूल किती प्रोसेसर खातंय ते दिसतं. आणि मे महिन्यात मांडवात लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खालून हवा मिळाली नाही की तापून तो पुन्हा वेग उतरवतो.

प्रश्न : प्युअर डेटात पावरी या फुंकवाद्यासारखा लांब सूर केला. सा काळी चार. तो धरून गंधार लावला की थरथर ऐकू येते. (शहादा)

उत्तर : एमटॉफ (मिडी नंबरावरून सुराचे हर्ट्झ काढणारा ठोकळा) सप्तकाचे समान १२ भाग करून सूर देतो. काळी चारचा सा २०७.६५ हर्ट्झ, त्यावर त्याचा गंधार २६१.६३ येतो. शुद्ध गंधार सा च्या ५/४ पट, म्हणजे २५९.५६. सा चा पाचवा उपसूर आणि गंधाराचा चौथा एकमेकांना घासतात आणि सेकंदाला ८ वेळा थरथर होते. एमटॉफ फक्त सा साठी ठेवा. बाकी सूर गुणाकाराने काढा : रे ९/८, ग ५/४, म ४/३, प ३/२.