बाबांचा एक्सपी पीसी लॅपटॉपमध्ये हलवताना: आधी डिस्कची प्रत, मग बाकी सगळं

तुमचा प्रश्न असा: नारायण पेठेतला वाडा पुनर्विकासाला चाललाय, बाबांचा डीटीपीचा विंडोज एक्सपीवाला पीसी भाड्याच्या घरात न्यायला जागा नाही, पण त्यातली पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रामात केलेली पुस्तकं आणि दिवाळी अंकांची पानं पुढेही उघडायला हवीत. तीच एक्सपी नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला पीसी) म्हणून चालेल का? चालेल. फक्त पीसी भंगारवाल्याला देण्याची घाई करू नका.

व्हर्च्युअल मशीनमध्ये कोरी एक्सपी टाकून नुसत्या फाइली कॉपी करा, असा सल्ला तुम्हाला मिळालाय. साध्या ऑफिसच्या पीसीसाठी मीही तेच सांगितलं असतं. डीटीपीच्या पीसीसाठी ते पुरत नाही. पेजमेकरच्या त्या फाइलींत मराठी युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारे अक्षरांचे ठरलेले क्रमांक, नाही. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचे क्रमांक वापरून मजकूर साठवलेला असतो, आणि कुठल्या क्रमांकावर काना, कुठल्यावर रफार, हे फॉन्ट ठरवतो. श्री-लिपी आणि सीडॅकचं आयएसएम ही मराठी टायपिंगची आणि फॉन्टची सॉफ्टवेअर, दोन्ही पुण्यातलीच, पण दोघांची मांडणी वेगळी. फॉन्ट नसला की ‘प्रकरण पहिलं’च्या जागी कंस, टक्के आणि डोक्यावर टिंबं असलेली रोमन अक्षरं दिसतात. भर म्हणजे पेजमेकर पानाची जुळणी निवडलेल्या प्रिंटरनुसार करतो. तो प्रिंटर ड्रायव्हर नसला की फेरजुळणी करू का विचारतो, आणि ‘हो’ म्हटलं की ओळी सरकू शकतात. म्हणजे बाबांची पानं फक्त फाइलीत नाहीत. ती फाइल, फॉन्ट, पेजमेकर आणि ड्रायव्हर या सगळ्यांत मिळून आहेत. म्हणून आख्खी डिस्कच उचलायची.

पहिलं काम डिस्कची प्रत. पीसी बंद करा, ४० जीबीची आयडीई (जुन्या, रुंद पट्टीच्या केबलची) डिस्क बाहेर काढा. तापकीर गल्लीत आयडीई ते यूएसबी अ‍ॅडॉप्टर मागा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत, तेव्हा वेगळा पॉवर अ‍ॅडॉप्टर असलेलाच घ्या. डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी, म्हणजे जंपर, ‘मास्टर’वर ठेवा. लॅपटॉप लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या लिनक्सवरून) सुरू करा. विंडोजमध्ये ही डिस्क जोडली तर तपासू का, फॉरमॅट करू का, असं विचारू शकतं, आणि घाईत चुकीचं बटण दाबलं जाण्याचा धोका नको.

प्रत ‘डीडीरेस्क्यू’ने घ्या. हा प्रोग्राम आधी डिस्कचा धडधाकट भाग वाचतो आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतो. कुठवर आलोय याची नोंद वेगळ्या मॅप फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू होतं. फक्त सी ड्राइव्ह घेऊ नका. डिस्कच्या सुरुवातीचा बूट रेकॉर्डही लागतो, तेव्हा पूर्ण डिस्क घ्या. कुठल्या डिस्कवरून कुठे लिहायचंय ते एंटर दाबण्यापूर्वी पुन्हा वाचा. तयार झालेली इमेज, म्हणजे आख्ख्या डिस्कची एक फाइल, दुसऱ्या एखाद्या डिस्कवरही ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग तिच्या नकलेवर करा.

काही जण मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातला, चालू विंडोजमधूनच डिस्कची प्रत घेणारा ‘डिस्क-टू-व्हीएचडी’ सुचवतील. विंडोज ७ असतं तर मीही तोच सुचवला असता. पण त्याच्या नव्या आवृत्त्या एक्सपीवर चालत नाहीत, आणि एवढ्या जुन्या डिस्कवर आणखी काही चालवावं असं मला वाटत नाही.

आता व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम. कच्च्या इमेजचं व्हीडीआय (त्याची स्वतःची डिस्क-फाइल) करायला त्याच्याच ‘व्हीबॉक्समॅनेज’मध्ये ‘कन्व्हर्टफ्रॉमरॉ’ ही आज्ञा आहे. नवं मशीन बनवताना ३२ बिट एक्सपी निवडा, मेमरी १ जीबी, एकच प्रोसेसर, ईएफआय (नव्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद. डिस्क मात्र साटावर (नव्या प्रकारच्या डिस्क जोडणीवर) नको, आयडीई कंट्रोलरवर, पीआयआयएक्स४ प्रकारावर जोडा, कारण एक्सपीकडे साटाच्या एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नसतो. नेटवर्क कार्ड पीसीनेट फास्ट-३ ठेवा. त्याचा ड्रायव्हर एक्सपीत आधीपासून आहे.

एवढं करूनही एक्सपीचं चिन्ह क्षणभर दिसून निळा पडदा येऊ शकतो. त्यावरचा कोड सेव्हन-बीने संपत असेल तर घाबरू नका, डिस्क खराब झालेली नाही. एक्सपी जुन्या मदरबोर्डच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर शोधतेय, एवढंच. उपाय जुन्या पीसीवरच आहे. पहिली प्रत सुरक्षित असल्याची खात्री करून डिस्क परत पीसीत लावा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलून ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनल’ करा आणि रीस्टार्ट न करता पीसी सरळ बंद करा. रीस्टार्ट केलंत तर तो जुना ड्रायव्हर परत बसवेल. मग दुसरी प्रत घ्या आणि ती चालवा. निळ्याऐवजी नुसता काळा पडदा राहिला तर मशीनच्या सेटिंगमधली आय-ओ एपीआयसीची खूण उलटी करून बघा.

परवान्याचंही सांगतो. ब्रँडेड पीसीबरोबर आलेला ओईएम (पीसी बनवणाऱ्या कंपनीमार्फत मिळालेला) परवाना त्या यंत्रापुरता असतो, आणि हार्डवेअर बदललेलं दिसलं की एक्सपी नव्याने अ‍ॅक्टिव्हेशन मागू शकते. मुदत थोडी असते, तेव्हा खाली सांगितलेली पीडीएफची कामं आधी उरका.

खरी अडचण डोंगलची, म्हणजे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालायला पीसीला लावावी लागणाऱ्या चावीची, येते. यूएसबी असेल तर सोपं आहे. मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबी १.१ किंवा २ ठेवा (३ चा ड्रायव्हर एक्सपीत नाही) आणि डोंगलचा यूएसबी फिल्टर जोडा. पण प्रिंटरची केबल आणि पीसी यांच्या मध्ये बसणारं, २५ पिनांचं जुनं डोंगल असेल तर लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. बाजारातली यूएसबी ते पॅरलल केबल प्रिंटरसाठी असते, तिच्यावर असं डोंगल सहसा ओळखलं जात नाही. फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतील तर पानं उघडणं आणि छापणं डोंगलशिवायही होतं, अडतं ते नवं टायपिंग. तुम्हाला पानं जपायची आहेत, तेव्हा तेवढ्यावर भागेल.

मशीन चालू झालं की त्याचं नेटवर्क बंदच ठेवा. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरने करा. मग मशीनमधल्या एक्सपीत एका पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर बसवा, ‘प्रिंट टू फाइल’ करा आणि लॅपटॉपवर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने त्या फाइलीची पीडीएफ बनवा. मात्र हा आधीचा प्रिंटर नसल्याने फेरजुळणीचा प्रश्न येईल. तिथे ‘नाही’ म्हणा आणि पहिल्या पुस्तकाची पीडीएफ छापील प्रतीशेजारी ठेवून ओळ न् ओळ पडताळा. हे काम बाबांसोबत बसून करा. कुठलं जोडाक्षर हाताने जुळवलं होतं ते त्यांनाच ठाऊक असणार.

पेजमेकरनंतर आलेलं अ‍ॅडोबीचं इनडिझाइन, त्याची सीएस६ आवृत्ती पेजमेकर ६ ते ७ च्या फाइली उघडत असे, नंतरच्या आवृत्त्या उघडत नाहीत, म्हणून त्या वाटेवर विसंबू नका. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर पेजमेकरमधून तो टेक्स्ट म्हणून काढा आणि त्या फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरने युनिकोड करा. कन्व्हर्टर वेगळ्या फॉन्टचा वापरलात तर ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ होतो.

डोंगल कुठल्या पोर्टचं आहे आणि ‘हेल्प’मध्ये पेजमेकरची आवृत्ती कोणती दिसते, एवढं कळवा. निळा पडदा आलाच तर मोबाइलवर फोटो काढून इथे टाका, मी बघतो.