पीयूचा रंग ‘गेला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आलाय की टिळकवाडीतल्या एका घराच्या बाहेरच्या दाराला पांढरा पीयू (लाकडावर मारायचा एक कडक, चिवट रंग) मारलेला, तो आता पिवळसर दिसतोय, मिस्त्री म्हणतोय ‘रंग गेला’, तर रंग जाणं, उडणं, विटणं, पिवळं पडणं सगळं एकच का. अजिबात नाही. आपल्या बेळगावात मराठी मिस्त्री ‘रंग गेला’ म्हणतो, कन्नड मिस्त्री ‘बण्ण होतु’ म्हणतो, अर्थ तोच, पण दोन्हीवरनं बिघाड कुठला ते काय कळत नाही.

पांढरं दार पिवळसर झालं असेल तर ‘पिवळं पडलं’ म्हणा, यात रंग गेलेला नाही, नवीन आलाय. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, 1937 साली जर्मनीत ओटो बायर यांनी शोधलेलं. मारायच्या आधी बेस (मूळ रंग) आणि हार्डनर (तो कडक करणारं द्रव्य) एकत्र मिसळतात, मग बेसमधलं पॉलिऑल आणि हार्डनरमधलं आयसोसायनेट ही रसायनं एकमेकांना धरतात आणि फिल्म, म्हणजे रंगाचा थर, कडक होते. आता आयसोसायनेट दोन जातीचं असतंय, टीडीआय-एमडीआय हे अ‍ॅरोमॅटिक, त्यांच्या रेणूत बेंझिनचं कडं असतं, ते उन्हातलं अल्ट्राव्हायोलेट शोषतं आणि त्यातनं पिवळी-तपकिरी संयुगं तयार होतात, आणि एचडीआय-आयपीडीआय हे अ‍ॅलिफॅटिक, त्यांत ते कडंच नाही म्हणून ते उन्हात टिकतात, पण महाग. खानापूरच्या सागवानावर क्लिअर, म्हणजे बिनरंगी पारदर्शक पीयू, मारला तर पिवळेपणा लाकडात मिसळून जातो, पांढऱ्यावर मात्र लगेच डोळ्यात येतो.

‘विटला’ किंवा ‘उडाला’ हे पिगमेंटबद्दल, म्हणजे रंग देणाऱ्या पुडीबद्दल म्हणावं. काही ऑरगॅनिक लाल-पिवळे पिगमेंट उन्हानं तुटतात, तिथं हार्डनर भारी असला म्हणून रंग वाचेलच असं नाही. गेरूचा लाल मात्र लोखंडाचा ऑक्साइड, तो सहसा विटत नाही. (‘विटणं’ हा शब्द मला फार आवडतो, मन विटतं तसा रंग विटतो, हळूहळू.)

आणि हात फिरवल्यावर खडूसारखी भुकटी लागली तर ‘भुकटी सुटली’ म्हणा, म्हणजे पिगमेंटला धरून ठेवणारा वरचा बाइंडर उन्हानं खाल्ला आणि पिगमेंट मोकळा झाला. इपॉक्सी (पीयूसारखंच हार्डनर घालून मारायचं दुसरं कोटिंग) बाहेर मारलं की हे हमखास होतंय.

तेव्हा ह्या दाराला ‘पिवळं पडलं’ हेच बरोबर. मिस्त्रीला जुना सगळा काढायला लावू नका, फिल्म घट्ट असेल तर घासून वर अ‍ॅलिफॅटिक हार्डनरचा पांढरा पीयू मारला तरी चालतं, पांढऱ्यातला टायटॅनियम डायऑक्साइड ऊन खाली जाऊ देत नाही. क्लिअर मारायचा असता तर मात्र खालचा काढावाच लागला असता.