संध्याकाळचं वाटण

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका ख्रिस्ती ताईंचं पत्र आहे. त्यांचे पती निवृत्त शिक्षक, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ताईंना प्रार्थना सुचत नाही, देवाचा राग येतो. नणंद फोनवर सांगते, 'घरात विश्वास कमी पडतोय, म्हणून गुण येत नाही.' ताई विचारतात, 'माझं तारण गेलं का?', म्हणजे देवानं पापातून केलेली सुटका हातची गेली का. आणि सही करण्याआधी घाईघाईनं एक ओळ: 'हे रोज संध्याकाळी कॉटवर बसून भजन म्हणतात, तेवढ्यात मी मिक्सर लावते.'

ताई, सलाम.

तुमचं सगळं पत्र वाचलं आणि मी अडकले त्या मिक्सरपाशी. डायलिसिसच्या माणसाचं पथ्य मला माहीत आहे. मीठ मोजून, नारळ बंद, टोमॅटो-बटाटा बेतानं, पाणीसुद्धा मापात. अशा घरात रोज तिन्हीसांजेला वाटण कसलं लागतं हो? कोल्हापूरकर झालो म्हणून काय झालं! तुम्हाला ते भजन ऐकवत नाही, आणि ऐकवत नाही हे सांगवतही नाही. पण तुमच्या यजमानांना ते केव्हाच कळलंय. शेवटच्या बाकावर कोण काय लपवतंय हे ओळखण्यात ज्याची सगळी हयात गेली, त्याला बायको नेमकी त्याच वेळी मिक्सर का लावते हे कळणार नाही?

तारणाचं आधी उरकते. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. हात त्याचा आहे. मेंढराची पकड किती घट्ट, हे तिथं कोणी विचारलेलं नाही. सगळे ख्रिस्ती पंथ यावर एकमताचे नाहीत, हे खरं. माणूस विश्वास टाकून जाऊ शकतो, असं मेथडिस्ट मानतात. पण दमलेल्या बाईला प्रार्थना सुचली नाही तर तिनं विश्वास टाकला, असं तेही म्हणत नाहीत. आपल्या कोल्हापूरची मंडळी, म्हणजे इथला ख्रिस्ती समाज, ज्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या वळणात वाढली, त्या पंथाचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे काय मानतो याचा लेखी मसुदा, 1646 सालचा. त्याच्या 18व्या अध्यायात साफ लिहिलंय की खऱ्या विश्वासणाऱ्याचीसुद्धा खात्री डळमळते, कमी होते, कधी कधी त्याला उजेडच दिसेनासा होतो. तरी तो देवाच्या हातून सुटत नाही. देवाचा राग येतो म्हणता? बायबलमधलं 88वं स्तोत्र काढून बघा. रडगाण्यानं सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आभाराची एक ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही.

नणंदबाईंना विचारा, प्रेषित पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी सोडलं, तेव्हा विश्वास कुणाचा कमी पडला होता? पौलाचा? त्याचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याच्या पोटदुखीवर तर त्यानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. नणंदबाईंचा विषय माझ्यापुरता संपला.

आता तुमच्याकडे येते, आणि जरा रागानंच येते. पत्रभर तुमची शंका, तुमचा राग, तुमचं तारण. यजमान पत्रात आहेत ते रक्ताच्या रिपोर्टपुरते आणि त्या भजनापुरते. भजन म्हणतात म्हणजे ते निर्धास्त आहेत, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? सुईला हात पुढे करायचा तो त्यांनीच, मशीनशेजारी चार चार तास पडून राहायचं तेही त्यांनीच. अशा माणसाच्या पोटात गोळा येत नसेल? कदाचित तो गोळा खाली बसावा म्हणूनच ते गात असतील. त्यांचा विश्वास मोडेल म्हणून तुम्ही गप्प राहता, असं तुम्ही स्वतःला सांगत असाल. त्यांना काचेचं भांडं समजू नका. तुमच्या या जपण्यापायी तो माणूस रोज संध्याकाळी घरात एकटा पडतोय.

आज त्यांनी भजन सुरू केलं की कॉटवर जाऊन बसा. गाऊ नका, गायलाच पाहिजे असं नाही. भजन संपलं की सांगा, 'माझी प्रार्थना बंद पडलीय. मला देवाचा राग येतो.' एवढंच. पुढचं वाक्य त्यांचं. ते रागावले तर रागावू देत, रडले तर रडू देत. आणि 'मलाही भीती वाटते' म्हणाले, तर उपदेश करायला जाऊ नका, नणंदेचं ऐकून ऐकून तुम्हालाही ती सवय लागलेली असायची. चर्चच्या पाळकसाहेबांकडे जायचं असेल तर दोघं मिळून जा, पण आधी हे बोलणं घरात होऊ द्या. आणि रविवारपर्यंत थांबू नका, आजच.