नऊ गुणांसाठी बाबांची मुदत ठेव मोडावी का?

नागपूरच्या मानेवाडा भागातील 27 वर्षांच्या एका वाचक तरुणीने पाठवलेल्या पत्राचा सारांश आधी देतो. त्यांनी किर्गिझस्तानमधून वैद्यकीय पदवी घेतली. परदेशी पदवीधरांना भारतात नोंदणी मिळवण्यासाठी द्यावी लागणारी चाळणी परीक्षा, म्हणजे एफएमजीई, त्यांनी दोनदा दिली. पहिल्या वेळी 128 गुण मिळाले, दुसऱ्या वेळी 141. उत्तीर्ण होण्यासाठी 300 पैकी 150 लागतात. शैक्षणिक कर्ज 16 लाख रुपये असून व्याजदर साडेदहा टक्के आहे, वडील सहकर्जदार आहेत आणि हप्ता तीन महिन्यांनी सुरू होणार आहे. वडील एसटीतून निवृत्त झाले. त्यांचे 15 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत, 6 लाखांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात पूर्ण होते, आणि निवृत्तिवेतन दरमहा 3,200 आहे. धाकटा भाऊ मिहानमध्ये नोकरीला असून घरी 12,000 देतो. घर स्वतःचे आहे आणि घरखर्च 19,000 आहे. दिल्लीत सहा महिने राहून शिकवणी लावायची तर फी, निवास व जेवण मिळून 2,60,000 लागतील, आणि बाबा ठेवीचे पैसे द्यायला तयार आहेत. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे: "पुस्तक उघडले की बाबांची फसवणूक करते आहे असे वाटते. रात्री झोप लागत नाही. पैसे घालून एकदा शेवटचा प्रयत्न करावा, की सगळे सोडून द्यावे?"

सस्नेह नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. निकालानंतरच्या आठवड्यांत माझ्या कार्यालयात अशी कुटुंबे येतात तेव्हा बहुतेक वेळा असे घडते की मुलगा किंवा मुलगी एक शब्दही बोलण्याआधी वडील प्लास्टिकच्या फाइलमधून ठेवीच्या पावत्या काढून टेबलावर ठेवतात. त्यामागची माया मी जाणतो. पण समोर बसलेल्या मुलाची मान त्या पावत्या पाहून आणखी खाली जाते, हेही मी अनेकदा पाहिले आहे. तुमच्या पत्रात पैशाचा आणि हिमतीचा असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेले दिसतात, परंतु मला ते एकाच गाठीत गुंतलेले वाटतात. मोठी रक्कम लावली की गेलेला विश्वास परत येईल, असे तुम्हाला आणि कदाचित बाबांनाही वाटते आहे. माझे मत उलट आहे. ज्या पुस्तकाचे पान उलटताना आजच अपराधी वाटते, त्यावर आणखी अडीच लाखांचे ओझे ठेवल्यावर ते पान हलके होणार नाही. म्हणून माझे उत्तर असे आहे की प्रयत्न जरूर करा, पण तो नागपुरात राहून करा, आणि बाबांची ठेव दिल्लीसाठी मोडू नका.

आता हिशेब. मासिक उत्पन्न पाहू. ज्येष्ठ नागरिक योजनेतील 15 लाखांवर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 30,750, म्हणजे महिन्याला 10,250. ठेवीवर सात टक्के धरले तर महिन्याला 3,500. त्यात निवृत्तिवेतनाचे 3,200 आणि भावाचे 12,000 मिळवले की 28,950 होतात. घरखर्च वजा जाता 9,950 उरतात. यातून कर्जाचा हप्ता कसा जाणार, हा खरा प्रश्न आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख एका ओळीपुरताच आहे.

दहा वर्षांची मुदत असेल तर 16 लाखांचा हप्ता सुमारे 21,600 बसेल. मुदत पंधरा वर्षे केली तर तो सुमारे 17,700 होईल, मात्र एकूण परतफेड जवळपास 6 लाखांनी वाढेल. काही काळ फक्त व्याज भरण्याची मुभा मिळाली तर महिन्याला 14,000 लागतील. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत बेरोजगारीच्या काळात परतफेड लांबवून देण्याची तरतूद आहे, मंजुरी मात्र बँकेच्या हाती असते. तेव्हा हप्ता सुरू होण्याची वाट न पाहता याच महिन्यात बाबांसह शाखेत जा, दोन्ही गुणपत्रके आणि पुढच्या परीक्षेची माहिती जोडून लेखी अर्ज द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. हप्ता चुकल्यानंतर केलेली विनंती आणि चुकण्याआधी केलेली विनंती यांत बँकेच्या दृष्टीने मोठा फरक असतो. शिवाय हप्ता थकला तर त्याची नोंद तुमच्याबरोबर सहकर्जदार म्हणून बाबांच्याही पतइतिहासात जाते.

दुसरी गोष्ट अशी की परीक्षा उत्तीर्ण झाल्या दिवसापासून डॉक्टरचे उत्पन्न सुरू होत नाही. त्यानंतर तात्पुरती नोंदणी, मग भारतातील 12 महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप), आणि मगच कायम नोंदणी मिळते. आंतरवासितेत विद्यावेतन मिळाले तर उत्तमच, पण माझ्या हिशेबात मी ते शून्य धरतो. म्हणजे तयारीचे सहा महिने आणि आंतरवासितेचे बारा, असे किमान अठरा महिने तुम्हाला काढायचे आहेत. निकाल, कागदपत्रे आणि जागा मिळणे यांत जाणारे महिने वेगळेच. अठरा महिन्यांचे व्याज 2,52,000 होते, आणि दिल्लीचा खर्च 2,60,000 आहे. ज्या रकमेत दिल्ली होते, जवळपास त्याच रकमेत तुमचे कर्ज दीड वर्ष थकल्याशिवाय चालते. दोन्ही गोष्टी एका ठेवीतून काढल्या तर त्या सहा लाखांत फारसे काही उरत नाही. आणि मोडता येण्याजोगी दुसरी रक्कम घरात नाही, कारण ज्येष्ठ नागरिक योजनेतील पैसा मुदतीआधी काढला तर दंड बसतो आणि घराला दर तिमाहीला मिळणारा आधारही जातो.

तुम्ही लिहिले आहे की धंतोलीतील एक रुग्णालय रात्रपाळीसाठी 25,000 देऊ म्हणते आणि "नोंदणीचे नंतर पाहू" असे सांगते. हे काम कृपा करून स्वीकारू नका. नोंदणीशिवाय वैद्यक व्यवसाय करणे हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 नुसार गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्या नोंदणीसाठी तुम्ही सात-आठ वर्षे घालवली, तीच या 25,000 पायी धोक्यात येईल.

नंदनवनमधील शिकवणी वर्गाने मात्र अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना जीवशास्त्र शिकवण्यासाठी संध्याकाळी तीन तासांचे 12,000 देऊ केले आहेत, आणि ते काम तुम्ही "कमीपणाचे वाटते" म्हणून बाजूला ठेवले आहे. याच कामाचा पुन्हा विचार करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पैशाच्या बाजूने पाहिले तर 9,950 मध्ये 12,000 मिळून 21,950 होतात, आणि 14,000 व्याज देऊन 7,950 उरतात. पहिले चार महिने शिकवून शेवटचे दोन महिने केवळ अभ्यासाला ठेवले तर चार महिन्यांत 31,800 साठतील. तुम्ही कळवलेली 25,000 ची ऑनलाइन उजळणी व सराव चाचण्या, अभ्यासिकेचे दरमहा 1,000, परीक्षेच्या अर्जाचे सहा हजारांच्या घरातील शुल्क, आणि शेवटच्या दोन महिन्यांत व्याजाला कमी पडणारे 8,100, हे सगळे धरले तरी ठेवीतून साधारण 13,500 उचलावे लागतील. आंतरवासितेच्या वर्षात दरमहा सुमारे 4,050 कमी पडतील, म्हणजे वर्षाला 48,600. अठरा महिन्यांसाठी ठेवीवरचा एकूण भार 62,000 च्या आसपास जातो. दिल्लीच्या मार्गाने हाच आकडा सव्वातीन लाखांच्या पुढे जातो, आणि तेही पहिल्याच प्रयत्नात यश आले तर.

पैशापलीकडचे कारण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. गेले वर्षभर तुमच्या दिवसात कोणी तुम्हाला काही विचारलेले नाही, फक्त निकाल विचारला आहे. सतरा वर्षांची मुले हृदयाचे कप्पे आणि मूत्रपिंडाचे कार्य समजून घ्यायला रोज समोर बसतील, त्यांच्या शंकांची उत्तरे तुमच्याकडे असतील, आणि महिनाअखेर तुम्ही स्वतः कमावलेल्या पैशातून कर्जाचे व्याज जाईल. "बाबांची फसवणूक करते आहे" या भावनेला समजुतीच्या शब्दांनी फारसा फरक पडत नाही, पण बँकेच्या पासबुकात स्वतःच्या कमाईची नोंद दिसली की पडतो, असा माझा अनुभव आहे.

मी वैद्यकीय शिक्षक नाही, तरी तुमच्या गुणांकडे हिशेबनीस म्हणून पाहिल्याशिवाय राहवत नाही. या परीक्षेत उत्तीर्णांचे प्रमाण बहुतेक सत्रांत एक तृतीयांशाच्याही खाली राहते, त्यामुळे दोनदा अपयश येणे म्हणजे तुमची पात्रता नाही असा अर्थ निघत नाही. 128 वरून 141 हे 13 गुण तुम्ही घरी बसून, एकट्याने वाढवले आहेत. आता 9 हवेत. तुम्ही सहज लिहून गेला आहात की दुपारच्या सत्रात वेळ न पुरल्याने 22 प्रश्न तसेच राहिले. परीक्षेच्या दोन्ही भागांत प्रत्येकी 150 प्रश्नांना 150 मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. चार पर्यायांतून डोळे मिटून खूण केली असती तरी 22 प्रश्नांत सरासरी पाच-साडेपाच गुण हाती लागतात, आणि तुम्हाला तर त्यांतील काहींची उत्तरे नक्कीच येत असणार. कम्युनिटी मेडिसिन हा सगळ्यात कच्चा विषय असल्याचे तुम्ही म्हणता. त्याला 30 गुण आहेत, आणि तो भारतातील राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम, लसीकरणाचे वेळापत्रक, इथली आरोग्यव्यवस्था यांवर उभा आहे. परदेशातील महाविद्यालयात तो तसा शिकवला जात नाही, त्यामुळे तो कच्चा राहण्यात तुमचा दोष मी मानत नाही. तुमची उणीव वेळेच्या सरावाची आणि एका विषयाची दिसते. घड्याळ लावून दर आठवड्याला पूर्ण लांबीची सराव चाचणी देणे आणि हा एक विषय नेटाने वाचणे यासाठी दिल्लीतील खोलीचे भाडे भरण्याची गरज मला पटत नाही.

येथे एक मर्यादाही सांगतो, कारण ती न सांगता "प्रयत्न करा" म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पुढचे दोन प्रयत्न, म्हणजे वर्षातील दोन्ही सत्रे, एवढीच योजना आज आखा, आणि ती रेघ पैशातही मांडा: कोणत्याही कारणाने ठेव 5 लाखांच्या खाली आली की तयारीसाठी त्यातून आणखी काही काढायचे नाही. रेघ गाठली गेली तर पूर्ण वेळ नोकरी धरायची. तुमच्या पदवीला आरोग्य विम्याचे दावे तपासणी विभाग, क्लिनिकल संशोधन, रुग्णालय प्रशासन अशा ठिकाणी मोल आहे. नोकरी करत असताना परीक्षा पुन्हा देण्याचा मार्गही खुला राहतो. ही रेघ आई, बाबा आणि भाऊ यांच्यासमोर ठरवा. भावाचे 12,000 या साऱ्या हिशेबाचा मोठा आधार आहेत, आणि त्याला कोणी विचारले आहे का, हे तुमच्या पत्रातून कळत नाही.

बाबांचा मधुमेह आणि आरोग्य विमा नसणे हेही मनात ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु ते ठरलेल्या उपचारांसाठी आणि योजनेतील रुग्णालयांतच मिळते, म्हणून शिधापत्रिका व कार्ड तयार आहे याची खात्री आजच करून घ्या. दिल्लीसाठी ठेवीला हात न लावण्याचे हेही एक कारण आहे.

झोप न लागणे किती आठवड्यांपासून आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही. दोन आठवड्यांहून जास्त असेल तर अभ्यासाचे वेळापत्रक आखण्याआधी मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात दाखवून या. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे. रुग्णाला तुम्ही हाच सल्ला दिला असता.

पुढच्या महिन्यात ठेव पूर्ण होईल तेव्हा ती आपोआप नूतनीकरणाला जाऊ देऊ नका. त्याच शाखेत तिच्या 1 लाखाच्या सहा पावत्या करून घ्या, म्हणजे गरज पडली तर एकच मोडेल आणि उरलेल्या पाचांचे व्याज चालू राहील. पहिली पावती तुमच्या अठरा महिन्यांसाठी आहे, असे बाबांना स्पष्ट सांगा, आणि तिच्यातून काढलेल्या प्रत्येक रकमेची नोंद तुम्ही स्वतःच्या हाताने एका वहीत ठेवा. नंदनवनच्या वर्गाला होकार कळवताना शेवटच्या दोन महिन्यांच्या सुट्टीचे आधीच लेखी ठरवून घ्या. बँकेच्या अर्जाचा मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी तो वाचून दुरुस्त्या सुचवीन.