जुळ्या बहिणींमधली जागा

सोलापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

जुळ्या बहिणींचं रेखाटन पाहिलं. एकीचा चेहरा ट्रेसिंग पेपरवर घेऊन तोच उलटा करून दुसरीला लावलास ना? डोळ्यांच्या रेषा एकाच उंचीवर आल्यात, त्यामुळे एकच मुलगी आरशासमोर बसल्यासारखी दिसते. दिसायला सारख्या असल्या तरी केसांचा भोवरा, भुवईची कमान, हसताना आधी उचलला जाणारा ओठाचा कोपरा यांत फरक सापडतोच. दोघींना आधी वेगवेगळं बसवून वीस-वीस मिनिटं फक्त हेच टिपून घे.

लंडनच्या टेट संग्रहातलं 'द चमली लेडीज' (साधारण १६००–१०) बघ. पलंगावर शेजारी बसलेल्या दोन बाळंतिणी अगदी सारख्या वाटतात. मग लेस, दागिने, डोळ्यांचे रंग वेगळे दिसू लागतात. पण त्या एकाच दिवशी जन्मल्या, हे सांगायला चित्रावर मजकूर लिहावा लागला आहे. तुझ्या चित्राला तो लागू नये.

त्यासाठी दोघींमधल्या रिकाम्या जागेचा आकार आधी रेखाट. दोन चेहऱ्यांतलं अंतर एका चेहऱ्याच्या रुंदीपेक्षा कमी ठेव, नाहीतर दोन सुटी व्यक्तिचित्रं होतात. एकीचे डोळे दुसरीच्या नाकाच्या शेंड्याच्या पातळीवर आण. ही फट वर रुंद आणि खांद्याशी मिटलेली असू दे. बाहेरच्या कडा धारदार ठेव, खांदे टेकतात तिथली कड मात्र विरघळव. ॲक्रिलिक असेल तर इथंच घोळ होतो: आपल्याकडच्या एप्रिलात रंग मिसळायच्या आतच सुकतो आणि कडेला वळ उठतो. सकाळी सात ते नऊ काम कर, पाण्याचा फवारा जवळ ठेव. तेवढा भाग तैलरंगात केलास तरी चालेल. ॲक्रिलिकवर तैलरंग बसतो, उलटं करू नकोस.

एकीचा ड्रेस डाळिंबी असेल तर दुसरीच्या हनुवटीखाली ती झाक पडते. ती उजेडाच्या बाजूपेक्षा गडदच ठेव, नाहीतर खाली दिवा लावल्यासारखं वाटेल.

दोघींच्या मांडीवर एकच सोलापुरी चादर छान दिसेल. (या उन्हात फार वेळ ठेवलीस तर शिव्या खाशील, दहा मिनिटांत घड्या टिपून घे, मग दोन उशांवर पसरून रंगव.) आधी घड्या दोन छटांत, मग नक्षी. नक्षी घडीपाशी तुटायला हवी. सरळ ओढलीस तर चादर छापील कागद होते.

चेहरे आलटून पालटून रंगव. एक पूर्ण करून दुसरा घेतलास की दुसरा हमखास पहिल्याची नक्कल होतो.

पुढचं रेखाटन रंग न लावता पाठव. चेहरे कोरे असले तरी चालतील, मधली जागा तेवढी काढलेली हवी.