मी परीक्षेत नापास होतेय का?

या खेपेला आलेल्या पत्रांचा सूर जवळजवळ एकच आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. नावगाव काढून टाकलंय, मजकूर थोडा कापलाय. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. परिचारिका म्हणून वॉर्डात काढलेल्या वर्षांत हा प्रश्न मनात दाबून खाटेशेजारी बसलेल्या बायका मी फार पाहिल्या.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. तेव्हापासून ते अंथरुणालाच खिळले आहेत. मी पाठीला जखम होऊ दिलेली नाही, एवढंच काय ते समाधान. चर्चच्या मंडळीतले लोक येतात, प्रार्थना करतात आणि उठताना म्हणतात, "देव तुम्हाला घडवतोय, या परीक्षेतून तुम्ही सोनं होऊन निघाल." मला मात्र उलटंच दिसतंय. पूर्वी पहाटे उठून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची, आता दोन ओळींची प्रार्थनाही धड होत नाही. ह्यांच्यावर खेकसते, मग स्वतःच रडते. देवाचाही राग येतो. संकटात विश्वास वाढतो म्हणतात, माझा तर आटत चाललाय. मी या परीक्षेत नापास होतेय का?

उत्तर : ताई, जखमेचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि पुढे गेलात. मी तिथेच थांबले. दोन वर्षं पडून असलेल्या माणसाच्या पाठीला जखम नाही, याचा अर्थ मला ठाऊक आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी लाल झाली का, हे रोज उजेडात बघायचं. चादरीची सुरकुती काढायची, कारण तीही टोचते. पगार घेऊन, पाळ्या लावून हे करणाऱ्या आम्हा लोकांच्याही हातून कधी कधी सुटतं. तुम्ही एकटीने निभावलंत, तेही चिडत, रडत.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौलाने एक क्रम दिलाय : संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. आशा शेवटी येते. भेटायला येणारी मंडळी तीच पहिल्या दिवशी मागतात आणि आपल्याकडे नसली की आपल्यालाच चुकल्यासारखं होतं. तुम्ही अजून धीराच्या टप्प्यावर आहात, आणि धीर चेहऱ्यावर दिसतोच असं नाही. पहाटे तीनला गजर वाजल्यावर कुरकुरत का होईना उठणाऱ्या बाईच्या हातात तो असतो. हे तुमची समजूत काढायला लिहीत नाही. पौल ज्याला धीर म्हणतो ते माझ्या मते हेच.

आता देवावरच्या रागाचं. स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र काढा. पहिल्या दोन ओव्यांत "कोठवर" हा प्रश्न चार वेळा आलाय. मग अठ्ठ्याऐंशीवं वाचा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. आणि तरीही ते उपासनेच्या संग्रहात ठेवलं गेलं, कोणी त्याला गोड शेवट जोडला नाही. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचंही बघा. त्याने देवाला काय काय सुनावलं! पण शेवटच्या अध्यायात देवाचा राग पेटतो तो देवाची बाजू घेऊन ईयोबाला शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी बोलला तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत, असं देव त्यांना स्पष्ट ऐकवतो. तुम्ही रागावलात, पण बोलताय अजून त्याच्याशीच. ज्याचा विश्वास आटला तो तक्रार तरी कोणाकडे करेल?

'परीक्षा' या शब्दाने तुमचं डोकं भलत्याच वाटेला लागलंय असं मला वाटतं. तांबडं पेन घेऊन बसलेला मास्तर डोळ्यांपुढे येतो. त्याऐवजी राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला एलीया संदेष्टा आठवा. दमून, घाबरून रानातल्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवदूत आला तो बोध करायला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवून त्याने उठवलं. एलीयाने खाल्लं आणि पुन्हा झोपला. दूतही पुन्हा आला, पुन्हा खायला लावलं, "वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे" एवढंच म्हणाला. देवाची वाणी त्याला ऐकू आली ती पुढे, होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर. आधी झोप, आधी जेवण.

म्हणून आता कामाचं सांगते. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांना सांगाच. "बुधवारी दुपारी दोन ते पाच इथे बसा," असा दिवस आणि वेळ देऊन सांगा. मोघम मदतीला कोणी येत नाही, नेमक्या कामाला येतात. एकमेकांची ओझी वाहा हे गलतीकरांस पत्रात लिहिलंय, तेव्हा त्यांच्या हाती ओझं द्यायला संकोच कसला? कूस कशी बदलायची ते दोघांना शिकवून ठेवा. त्या तीन तासांत झोपा. कपाटं आवरायला घेऊ नका, मी ओळखते आपल्या बायकांना. आणि रोज रडू येत असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वासाची कमतरता नाही. मधुमेहाच्या गोळीबद्दल आपण असा विचार करत नाही, मग याच्याबद्दल का?

दोन ओळींची प्रार्थना पुरेशी आहे, ती वाढवायच्या मागे लागू नका. एक मात्र करून पाहा. बोलणं गेलेल्या काही रुग्णांना स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही, पण वर्षानुवर्षं पाठ असलेली प्रार्थना किंवा गीत कोणी सुरू केलं की पुढचे शब्द आपोआप तोंडातून येतात. डॉक्टरांनाही हे चांगलं माहीत आहे. कूस बदलताना "हे आमच्या स्वर्गातील पित्या" मोठ्याने, सावकाश म्हणा आणि मध्ये थांबा. येतीलच शब्द असं नाही. नाही आले तरी तुमची प्रार्थना झालीच.

आणि दोन वर्षं झाली म्हणून घाबरू नका. योसेफ तुरुंगात होता, त्याच्याबरोबर कैदेत असलेला राजाचा प्यालेबरदार सुटून गेला आणि त्याला विसरला. त्यानंतर पूर्ण दोन वर्षं काहीही घडलं नाही. उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायात ती दोन वर्षं अर्ध्या ओळीत उरकली आहेत. मंडळीपुढे आपल्या अनुभवाची साक्ष देणारा माणूस शेवट हातात धरून बोलतो, म्हणून त्याला ती अर्ध्या ओळीत मावतात. योसेफाला ती एकेक दिवस करून काढावी लागली. तो त्या काळात दररोज आनंदाने स्तुती करत होता असं शास्त्र कुठेही म्हणत नाही.

प्रश्न : लग्नाला सहा वर्षं झाली. नवरा पिऊन आला की मारतो. मंडळीतल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणतात, "हा तुझा वधस्तंभ आहे, निमूट उचल. तुझी सहनशीलता पाहून त्याचं तारण होईल." हे सोसल्याने मी देवाच्या जवळ जाईन का?

उत्तर : नाही.

शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद देवाची इच्छा म्हणून भिंतीला टेकून उभा राहिला नाही. त्याने भाला चुकवला, पुढे त्याच्या बायकोने, मीखलने, खिडकीतून उतरवलं तेव्हा रातोरात पळाला. दिमिष्कात पौलाला मारायचा कट झाला, शिष्यांनी त्याला पाटीत बसवून गावकुसावरून खाली सोडलं. यरुशलेमेत फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याला, विचारलं, रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणं कायद्यात बसतं का? आणि नासरेथच्या लोकांनी कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा प्रभू येशू त्यांच्यामधून निघून गेला. त्याची वेळ आल्यावर वधस्तंभ त्याने स्वतः पत्करला. पौलाने तुरुंग सोसला तो सुवार्तेसाठी. दारूच्या नशेतल्या माणसाची मूठ यांतल्या कशातच बसत नाही.

त्या बाई बहुधा पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय तुला दाखवतील. दाखवू देत. तिथे पत्नीच्या वर्तनाने पती जिंकला जाईल असं लिहिलंय, मार खाऊन जिंकला जाईल असं नाही. सातवी ओवीही त्यांना वाचायला सांग : पतींनो, पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येईल. ती ओवी आपल्याकडे वेदीवरून फारशी ऐकू येत नाही, हे मला कायम खटकत आलंय.

पोरी, आधी सुरक्षित ठिकाणी जा. विश्वासातल्या एका माणसाला सगळं सांगून ठेव. मार लागला असेल तर डॉक्टरांना खरं कारण सांग आणि त्याची नोंद करून घे. पडले, धडकले असं सांगू नकोस, आम्हाला वळ पाहून कळतंच. कायद्याची मदत घेणं म्हणजे सूड नव्हे. त्याला क्षमा करायची की नाही हे मनाचं काम आहे, त्याला वेळ लागेल. त्या घरात परत जायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे. पाळकसाहेब दोन्हींची गाठ मारून तुला घाईने परत पाठवू लागले, तर दुसऱ्या पाळकांकडे जा.

प्रश्न : माझा व्यवसाय बुडाला, पाठोपाठ आई आजारी पडली. प्रार्थनागटातले दोघेतिघे म्हणतात की जीवनात काहीतरी लपलेलं पाप असणार, शोधून कबूल केल्याशिवाय आत्मिक वाढ होणार नाही. मी शोधतोय, सापडत नाही. काय करू?

उत्तर : शोध थांबव. ठाऊक असलेलं पाप असेल तर कबूल करून मोकळा हो, ते एरवीही करायचंच असतं. पण आपत्तीवरून मागे जाऊन पाप हुडकायचं, हा धंदा प्रभूने दोनदा बंद केलाय. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू म्हणाला, दोघांचंही नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा अधिक दोषी होती का, यालाही त्याने नाही असंच उत्तर दिलं.

तरीही कोणाला असा हिशेब मांडायचाच असेल, तर त्याने पंडिता रमाबाईंचा मांडून दाखवावा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. 1921 मध्ये, संपूर्ण शास्त्राचं मराठी भाषांतर करण्यात आयुष्याचा शेवट वेचत असताना, एकुलती एक मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. यातलं कोणतं मरण कोणत्या पापाच्या खात्यावर टाकायचं? प्रार्थनागटातल्या त्या दोघातिघांना विचार आणि त्यांना उत्तर शोधू दे. तू तोवर आईजवळ बस.

प्रश्न : मागच्या वर्षी माझा कॅन्सरचा उपचार झाला, आता तपासण्या चांगल्या येतात. उपचार चालू असताना देव इतका जवळ वाटायचा की रात्र रात्र प्रार्थनेत जायची. आता कामावर रुजू झालो आणि ते सगळं सुटलं. सकाळची प्रार्थनाही विसरतो. विश्वास टिकवायला मला पुन्हा संकटच लागणार का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला हसू आलं, दादा, रागावू नका. असं प्रामाणिकपणे विचारणारे थोडे. बरं झाल्यावर देवाला विसरणं इतकं जुनं आहे की बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना आधीच बजावतो : पोटभर खाल, चांगली घरं बांधून राहाल, तेव्हा जपा. चाळीस वर्षांच्या रानापेक्षा त्याला सुखाच्या दिवसांची धास्ती जास्त होती.

इस्पितळातली ती ऊब परत आणायचा खटाटोप करू नका. रात्रभरच्या प्रार्थनेत थोडा वाटा भीतीचा होता आणि थोडा बहुधा उपचारातल्या स्टेरॉइडचा. त्या गोळ्यांनी झोप उडते, आमच्या वॉर्डात पहाटे दोनला निम्मे पेशंट जागे असायचे. पण म्हणून तेव्हाची जवळीक खोटी ठरत नाही. आता सकाळची दहा मिनिटं ठरवा आणि काही वाटो न वाटो, पाळा. तेव्हा एलीयासारखी तुम्हाला भाकर मिळाली, आता चालायचं आहे.

आणखी एक. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला पौल म्हणतो की देव आपलं सांत्वन करतो ते आपण संकटातल्या दुसऱ्यांचं सांत्वन करू शकावं म्हणून. तुमच्या ओळखीत, नाहीतर मंडळीत, आत्ता उपचार घेणारं कोणीतरी असेलच. केमोच्या दिवशी त्यांच्याबरोबर जा. फाइल धरा, रांगेत नंबर लावा, त्यांच्या बायकोला चहा प्यायला पाठवा. पहिल्याच दिवशी साक्ष द्यायला बसू नका. त्यांनी विचारलं तर सांगा, आणि सांगाल तेव्हा उलट्या, केस गळणं, देवावर चिडलेली एखादी रात्र असली तर तीही, काही गाळू नका.