पॅनेलवर फॉल्ट नाही, तरी प्रत्येक स्मोक डिटेक्टर धूर देऊन तपासायचा का?

प्रश्न असा आहे: "आमच्या तीन मजली कोचिंग क्लासच्या इमारतीत नवीन स्मोक डिटेक्टर बसवले. ठेकेदार म्हणतो, पॅनेलवर (अलार्मच्या कंट्रोल बॉक्सवर) फॉल्ट नाही म्हणजे सगळं व्यवस्थित आहे. प्रत्येक डिटेक्टर धूर देऊन तपासायचे तो वेगळे पैसे मागतोय. खरंच गरज आहे का? की आपणच अगरबत्ती धरून बघितलं तर चालेल?"

उत्तर:

हो, प्रत्येक तपासायचा. एकही न सोडता. आणि वेगळे पैसे मागणाऱ्याला आधी विचारा, की कोटेशनमध्ये 'टेस्टिंग अँड कमिशनिंग' (तपासून चालू करून देणं) अशी ओळ होती तिचे पैसे कशाचे घेतले?

'पॅनेलवर फॉल्ट नाही म्हणजे काम झालं' हे वाक्य मी पहिल्यांदा 2009 साली भोसरी एमआयडीसीत ऐकलं, आणि तेही घरातल्याच माणसाकडून. म्हणून हा प्रश्न दिसल्यावर न लिहिता राहवलं नाही.

माझे भाऊजी तेव्हा फायर अलार्मची कामं घ्यायचे. मी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन नुकताच बाहेर पडलो होतो. ताईने त्यांना सांगितलं, ह्याला हाताशी घ्या. त्यांनी मला काम शिकवलं, हे मी कधीच नाकारणार नाही. कंड्युट कशी ओढायची, 230 व्होल्टच्या वायरी आणि अलार्मची केबल एका पाईपात का घालायची नाही, पोलॅरिटी (प्लस-मायनस) कशी सांभाळायची, हे सगळं त्यांचंच. लाईनला मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावण्याआधी सगळे हेड (डिटेक्टरचा फिरवून काढता येणारा भाग) उतरवून ठेवायचे आणि पॅनेलची बाजूही सोडवायची, नाहीतर 500 व्होल्टने आतलं इलेक्ट्रॉनिक्स जातं, हेही त्यांनीच सांगितलं. हात त्यांचा चांगला होता. घाई वाईट होती.

ती साईट म्हणजे पॅकिंगचं सामान बनवणारा एक छोटा कारखाना. खाली ऑफिस, वर पुठ्ठा आणि बबल शीटचं गोदाम. चार झोनचं, म्हणजे इमारतीचे भाग चार वेगळ्या लाईनींवर घेणारं, साधं कन्व्हेन्शनल पॅनेल. वरचा मजला झोन तीनवर, बारा डिटेक्टर. सकाळी हँडओव्हर होतं आणि आदल्या रात्री झोन तीनचा फॉल्ट जाईना.

इथे थोडं वायरिंग सांगावं लागेल, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे. कन्व्हेन्शनल झोनमध्ये पॅनेलमधून दोन वायरची लाईन निघते. प्रत्येक बेसमध्ये (हेड ज्यावर बसतं ती छताची बैठक) ती आत येते, बाहेर पडते आणि पुढच्या बेसला जाते. सगळ्यात शेवटच्या बेसमध्ये एक रेझिस्टर असतो, एंड ऑफ लाईन, आम्ही ईओएल म्हणतो. आमच्या पॅनेलला तो 4.7 किलोओहमचा होता, म्हणजे 24 व्होल्टला जेमतेम 5 मिलिअँपिअर. तेवढ्या करंटवरून पॅनेलला कळतं की वायर शेवटपर्यंत शाबूत आहे. वायर तुटली की करंट थांबतो आणि फॉल्ट येतो. धूर आला की डिटेक्टर लाईनवर स्वतःचा लोड टाकतो, करंट कित्येक पटींनी वाढतो आणि फायर येतं. पण शांत बसलेला डिटेक्टर स्वतः 100 मायक्रोअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमीच घेतो. म्हणजे लाईनवर बारा डिटेक्टर आहेत की सहा, हे पॅनेल करंटवरून ओळखूच शकत नाही. ते डिटेक्टर मोजत नाही, फक्त तो रेझिस्टर बघतं.

तर मी शिडी लावून मीटरने एकेक बेस बघत गेलो. सहापर्यंत व्होल्टेज होतं, सातव्यावर शून्य. मध्ये कुठेतरी फॉल्स सीलिंगवाल्यांचा स्क्रू केबलमध्ये गेला असणार. सीलिंग बंद झालेलं, रंगाचा शेवटचा हात झालेला, रात्रीचे अकरा वाजलेले. भाऊजींनी पॅनेलचं दार उघडलं, खिशातून दुसरा 4.7 के काढला आणि झोन तीनच्या टर्मिनलमध्येच लावला. फॉल्टचा पिवळा दिवा विझला. राहिला फक्त हिरवा.

मी म्हटलं, "भाऊजी, सातपासून पुढचे सगळे मेलेत."

"उद्या सही होऊ दे, बिल निघू दे. रविवारी येऊन वायर बदलू."

सकाळी कारखान्याचे साहेब आले. जिन्याजवळचा एक आणि अजून एक, असे दोन डिटेक्टर तपासून दाखवले. दोन्ही पहिल्या सहातले. हूटर (भोंगा) वाजला, सही झाली, पेढे आले. तो रविवार कधी उजाडला नाही. दोनदा आठवण केली, दुसऱ्यांदा भाऊजी चिडले, मग मी बोलायचं सोडलं.

पुढच्या मे महिन्यात रात्री त्याच मजल्यावर, पार्टिशनच्या मागच्या भागात, बॅटरीच्या स्टॅकरचा (माल उचलायच्या गाडीचा) चार्जर तापला आणि शेजारचा पुठ्ठा धुमसायला लागला. धुमसणारी आग ही ऑप्टिकल डिटेक्टरसाठी सगळ्यात सोपी. आत काळ्या चेंबरमध्ये एक एलईडी आणि एक फोटोडायोड (प्रकाश ओळखणारा भाग) असा बसवलेला असतो की प्रकाश थेट त्याच्यावर पडत नाही. धुराचे कण आत शिरले की त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो, डायोडवर पडतो आणि अलार्म होतो. ज्वाळा दिसायच्या कितीतरी आधी. त्या भागात असे सहा डिटेक्टर होते, छताला, व्यवस्थित अंतरावर, पांढरे स्वच्छ. एकालाही वीज नव्हती.

वॉचमनकाकांना वास आला तेव्हा ते वर गेले. पार्टिशनचं दार उघडलं तर आत हात दिसत नव्हता. तरी एक्स्टिंग्विशर घेऊन आत शिरले. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत त्यांच्या छातीत इतका धूर गेला होता, की चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. माझ्या वडिलांच्या वयाचे होते. मला साईटवर चहा त्यांनीच आणून दिलेला, कित्येकदा. ते गेटवर परत आले, पण नंतर जिना चढताना थांबायचे. खाली पॅनेल त्या रात्री सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिरवं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मालकाला सांगितलं, पुठ्ठ्याच्या धुळीने डिटेक्टर चोक झाले. हे तांत्रिकदृष्ट्याही खोटं होतं. ऑप्टिकल डिटेक्टरच्या चेंबरमध्ये धूळ बसली तर बहुतेक वेळा तो उलट विनाकारण वाजतो, कारण धूळसुद्धा प्रकाश विखुरतेच. एकाच वेळी सलग सहा डिटेक्टर धुळीने मुके होत नाहीत. मला हे माहीत होतं आणि मी शेजारी उभा राहून गप्प बसलो. ताईचं घर त्या धंद्यावर चालत होतं. ते गप्प बसणं मला आजही खुपतं. दोन महिन्यांनी मी दुसरीकडे लागलो आणि गेली बारा-तेरा वर्षं जास्त करून तपासणीचंच काम करतोय.

आता तुमच्या इमारतीकडे येतो.

ठेकेदाराला समोर उभं करा आणि प्रत्येक झोनच्या शेवटच्या डिटेक्टरचं हेड फिरवून काढायला सांगा. पॅनेलवर त्या झोनचा फॉल्ट थोड्या वेळात आलाच पाहिजे. नाही आला तर दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर रेझिस्टर लाईनच्या शेवटी नाही, किंवा बेसमध्ये येणारी आणि जाणारी वायर एकाच स्क्रूखाली दाबली आहे. दुसऱ्या प्रकारात हेड काढून नेलं तरी लाईन जोडलेलीच राहते आणि पॅनेल काही बोलत नाही. मग मधले हेडही एकेक काढून बघा. शेवटचा कुठला हे ठेकेदाराला सांगता येत नसेल, तर त्याच्याकडे ड्रॉइंग नाही, आणि ड्रॉइंग नसलेलं काम ताब्यात घेऊ नका. मध्येच टी मारून बाजूच्या खोलीत नेलेली लाईन असेल तर तीही अशीच सापडते. त्या फांदीवर पॅनेलचं लक्षच नसतं.

ह्यानंतर धूर. अगरबत्ती नको, विडी-सिगरेट तर अजिबात नको. त्यांच्या धुरातलं तेल आणि डांबर चेंबरच्या आत बसतं आणि पुढे तोच डिटेक्टर खोटे अलार्म देतो. टेस्टिंगसाठी एरोसोलचा स्प्रे मिळतो, काठीच्या टोकाला कप लावून तो हेडवर धरतात. तोच वापरायला लावा. लोहचुंबक लावून दिवा पेटवून दाखवतील, त्यावर समाधान मानू नका. चुंबकाने सर्किट तपासलं जातं, जाळीतून धूर आत जातो की नाही ते कळत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले आणि सगळ्यांची धावपळ सुरू झाली. त्या दिवसांत एका दवाखान्यात मी गेलो तर नव्या बसवलेल्या डिटेक्टरांवर रंगकामाच्या वेळची प्लॅस्टिकची टोपी तशीच होती. एका अख्ख्या मजल्यावर. पॅनेल हिरवं, चुंबकाची टेस्ट पास. धूर आत जायला वाट नव्हती. शिडीवर उभा राहून त्या टोप्या काढताना माझे हात थरथरत होते, कारण खालच्या खाटांवर माणसं झोपलेली होती.

जागेबद्दल एवढंच बघा. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा अडून राहते, म्हणून भिंतीपासून किमान अर्धा मीटर सोडा. एसीच्या हवेच्या तोंडापासून मीटरभर लांब. कुठल्याही जागेवरून जवळचा डिटेक्टर साडेसात मीटरच्या आत हवा, आणि वर्गात काचेचं किंवा प्लायचं पार्टिशन छतापर्यंत गेलं असेल तर तिकडे वेगळा डिटेक्टर लागतो. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी 800 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तिथेही हवा. बाकी आयएस 2189 (फायर अलार्मसाठीचं भारतीय मानक) मध्ये सगळं दिलेलं आहे, ठेकेदाराने ते वाचलेलं असायला हवं.

मेन बंद करून बॅटरीवर हूटर वाजवून घ्या. हे बहुतेक जण विसरतात.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या वेळची तपासणी बसवण्याच्या दरातच यायला हवी. नंतरचे पैसे मात्र द्यावे लागतील आणि द्यावेत. महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यायचं असतं. ते घरी बसून भरलेलं घेऊ नका, दोनशे मुलं त्या जिन्यावरून उतरणार आहेत.

काही गोष्टी राहिल्या. वर लिहिलेलं कन्व्हेन्शनल पॅनेलचं आहे. तुमचं ॲड्रेसेबल असेल, म्हणजे स्क्रीनवर डिटेक्टरचा नंबर आणि खोलीचं नाव येत असेल, तर लूप (गोल फिरणारी लाईन) पॅनेलला परत येतो आणि तिथे ईओएलचा प्रश्न नसतो. हेड काढलं की त्याच नंबरचा फॉल्ट यायला हवा. तिथे वेगळीच चूक सापडते, धूर वर्ग 5 मध्ये दिला तर स्क्रीनवर वर्ग 8 लिहून येतं. काही डिटेक्टरांचा दिवा चालू असताना अधूनमधून लुकलुकतो, काहींचा फक्त अलार्मलाच लागतो. भोसरीतले दुसऱ्या प्रकारचे होते, म्हणून खालून कुणाला काही कळलं नाही. पँट्री असेल तर तिथे स्मोक नको, हीट डिटेक्टर लावा, नाहीतर फोडणी पडली की क्लास सुटेल. आणि तपासणीच्या दिवशी सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

भाऊजींनी आता हे काम सोडलंय. मागच्या भाऊबीजेला विषय निघाला तेव्हा म्हणाले, "दोन डिटेक्टर तपासले, साहेबांनी बघितले, सही केली. दहातले दोन तपासायची पद्धतच होती. सगळे कोण तपासतं?" मी त्यांना म्हटलं, आम्ही तपासतो. बारा डिटेक्टरांना अर्धा तास लागतो. त्या सकाळी पेढे वाटण्याआधी तो अर्धा तास दिला असता तर सातव्यालाच थांबलो असतो. ते पानावरून उठले नाहीत, पण पुढे काही बोललेही नाहीत.

तुम्ही एक करा. ठेकेदाराच्या समोर पॅनेलचं दार उघडून झोनची टर्मिनलं बघा. जो झोन वापरातच नाही, त्याच्या टर्मिनलमध्ये रेझिस्टर असणारच, तो बरोबर आहे, त्याला हात लावू नका. पण जिथून बाहेर जाणाऱ्या वायरी निघाल्यात आणि तरीही रेझिस्टर तिथेच लावलेला दिसतोय, त्या झोनची लाईन दुरुस्त होईपर्यंत सही करू नका आणि उरलेलं बिल देऊ नका.